दिवाणखान्यात समुद्र कोणी बसवावा?

श्रीमंतीची चिन्हे काळाबरोबर पालटतात. एके काळी दारातली बग्गी हे थोरवीचे लक्षण होते. पुढे दिवाणखान्यातला पियानो आला, मग मोटार आली, मग वातानुकूलित खोली आली. आता या मालिकेत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. निळसर प्रकाशात न्हालेली काचेची भली थोरली टाकी, तीत खारे पाणी, पाण्यात डोलणारे जिवंत प्रवाळ आणि त्यांच्यामधून सळसळणारे नारिंगी मासे. हॉटेलचा दर्शनी भाग, धन्वंतऱ्यांची प्रतीक्षागृहे, विवाहाची सभागृहे, सधनांचे बंगले, सर्वत्र या शोभेचा मोह वाढतो आहे. उद्या एखाद्या संस्थानच्या अग्रशाळेत कोणा उदार यजमानाने आपल्या नावाची पाटी लावून अशी टाकी बसवण्याची इच्छा प्रकट केली, तर समितीतील किती सभासद तिला हरकत घेतील, याची मला शंकाच आहे. तशी हरकत घेणाऱ्याच्या हाती काही मुद्दे असावेत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट सांगतो. टाकीखालच्या टाकीचा हिशेब ज्याला करता येत नाही, त्याला वरच्या टाकीचा अधिकार नाही. आणि ज्याला तो हिशेब बिनचूक येतो, त्यालाही आपल्या देशात प्रवाळाला हात लावण्याचा अधिकार नाही. पहिला मुद्दा गणिताचा आहे, दुसरा कायद्याचा. दोन्ही क्रमाने मांडतो.

पाहुण्यांना दिसते ती वरची टाकी. तिचे प्राण मात्र खालच्या कपाटात दडवलेल्या दुसऱ्या टाकीत असतात. या दुसऱ्या टाकीला धंद्यात 'संप' म्हणतात. बेळगाव-हैदराबादकडील वाचकांना संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी हे सांगावयास नको. इतरांना मात्र तो शब्द ऐकून गिरणीकामगारांचा हरताळ आठवेल. वरच्या टाकीच्या मागील बाजूस, पाण्याच्या पृष्ठभागाशी, दातेरी काठाचे एक उभे खोके असते. धरणाला जसा सांडवा, तसे हे खोके. पंपाने वर चढवलेले पाणी जेवढे जास्त होईल तेवढे या सांडव्यावरून खोक्यात पडते, नळाने खाली संपात येते, तेथे त्याचे शुद्धीकरण होते आणि परतीचा पंप ते पुन्हा वर पाठवतो. सांडव्यावरून पाण्याचा सर्वांत वरचा थर ओघळत असल्यामुळे पृष्ठभागावर साचणारी तेलकट साय आपोआप निघून जाते. संपात स्किमर नावाचे यंत्र हवेचे बारीक बुडबुडे सोडून त्यांच्या फेसाबरोबर विरघळलेली सेंद्रिय घाण वर काढते. व्यवस्था सुबक आहे, यात वाद नाही.

परंतु या सुबकपणात एक साधे अंकगणित दडलेले आहे, आणि ते विक्रेता क्वचितच सांगतो. एक टाकी घ्या: लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ६० आणि उंची ६०. तिची एकूण धारणा ४३२ लिटर झाली. आता वीज गेली असे समजा. पंप थांबला. सांडव्याच्या दात्यांवर चढलेले पाणी, समजा ३ सेंटिमीटर, खाली उतरणार. १२० गुणिले ६० गुणिले ३, म्हणजे २१ लिटर ६०० मिलिलिटर. शिवाय नळांत व खोक्यात होते ते वेगळे. एवढे संपाने सहज पोटात घ्यावे. पण परतीच्या नळाचे तोंड जर पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरवर बुडालेले असेल आणि त्या नळाला पृष्ठभागाजवळ हवा घेण्याचे छिद्र ठेवलेले नसेल, तर पंप थांबताच तोच नळ सायफन बनतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत पाणी उलटे खेचत राहतो. तेव्हा खाली येणारे पाणी होते १०८ लिटर. खालचा संप ९० गुणिले ४० गुणिले ४० सेंटिमीटरचा, म्हणजे १४४ लिटरचा असेल व तो अर्धा भरून चालवला जात असेल, तर त्यात मोकळी जागा ७२ लिटरची. उरलेले ३६ लिटर खारे पाणी कोठे जाणार? जमिनीवर, गालिच्यावर आणि विजेच्या जोडण्यांवर. गोव्याच्या पावसाळ्यात वीज जाणे ही काय अपूर्वाईची घटना आहे? उलट वाहण्यास अटकाव करणारी झडप बसवली आहे, असे समाधान विक्रेता देतो. परंतु शेवाळ व चुनखडीने ती झडप कालांतराने नीट मिटत नाही, हे तो सांगत नाही.

दुसरे संकट याच्या उलट दिशेचे. सांडव्याच्या नळात एखादी गोगलगाय किंवा शेवाळाचा गुंता अडकला, तर खाली येणारे पाणी थांबते, पण पंप मात्र वर चढवीत राहतो. वरच्या टाकीत काठापर्यंत ४ सेंटिमीटरच जागा असेल, तर ती २८ लिटर ८०० मिलिलिटरची होते. संपातील परतीच्या कप्प्यात यापेक्षा अधिक पाणी असेल, तर वरची टाकी काठावरून वाहणार. म्हणून त्या कप्प्यातील पाणी वरच्या मोकळ्या जागेहून कमी असले पाहिजे, आणि सांडव्याला किमान दोन, शहाण्याने तीन नळ ठेवावेत: एक भरून वाहणारा, दुसरा हवेसह थोडे पाणी नेणारा, आणि तिसरा एरवी सर्वस्वी कोरडा, केवळ आपत्काळासाठी. कोरड्या नळाचे पैसे कोणाला द्यावेसे वाटत नाहीत. ज्याचा कधी उपयोग होऊ नये अशी प्रार्थना करावयाची, त्याचीच सोय आधी करून ठेवणे याला व्यवहारात जबाबदारी म्हणतात.

तिसरी गोष्ट बाष्पीभवनाची. हवेत उडून जाते ते पाणी. मीठ मागे राहते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ४०० लिटरांच्या टाकीत म्हणजे १४ किलो. पाणी घटले की खारटपणा वाढतो, म्हणून रोज गोडे आणि शुद्ध पाणी घालावे लागते. वरच्या टाकीची पातळी सांडव्याने बांधलेली असल्यामुळे ती हलत नाही. सारी घट खाली संपाच्या परतीच्या कप्प्यात दिसते. पाहुण्यांना टाकी भरलेली वाटत असते आणि खाली पंप कोरडा पडत असतो. मालक चार दिवस परगावी लग्नाला गेला आणि गड्याला हे सांगावयाचे राहिले, की अनर्थ ठेवलेला.

आमच्या लोकांना हे शास्त्र परके आहे, असे मात्र मी मानीत नाही. गोव्याच्या खाजन जमिनींत ज्यांनी बांध घातले आणि मानस बसवली, त्यांना खाऱ्या पाण्याचा हिशेब पुरता अवगत होता. भरतीला किती पाणी आत येऊ द्यावे, ओहोटीला किती सोडावे, पोंयीत किती साठवावे, हे मानशीची लाकडी दारे पाण्याच्याच दाबाने ठरवीत. आणि त्या दारांची निगा राखणे, बांध फुटू न देणे, हे सगळ्या गावाचे काम समजले जाई. तेथे पाणी अडवणारा माणूस पाण्याच्या वाटेला बांधील होता. काचेच्या टाकीत समुद्र कोंडणाऱ्याकडून मी तेवढ्याच बांधिलकीची अपेक्षा करतो; अधिक काही मागत नाही.

हे झाले माशांपुरते. प्रवाळाची गोष्ट याहून कठीण आहे. वाचकांपैकी अनेकांना प्रवाळ म्हटले की अंगठीतले पोवळे आठवेल. ते भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळ, निराळ्या जातीचे. समुद्राच्या उथळ तळाशी भिंती उभारतात ते पाषाणप्रवाळ. दगडासारखा दिसणारा हा पदार्थ सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्या प्राण्यांच्या शरीरात एक प्रकारचे शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला देते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल उष्णतेहून एखाद्या अंशाने जरी आठवडेच्या आठवडे अधिक तापले, तरी हा सहवास मोडतो, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. टाकीत त्यांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस उष्णता, स्थिर खारटपणा, आणि सांगाडा बांधण्यापुरते कॅल्शियम सतत हवे असते. वैशाखात आपल्या घरातली हवाच तिशीच्या वर जाते. तेव्हा पाणी थंड करणारे यंत्र हवे, त्याला वीज हवी, आणि वीज गेली की दुसरी वीज हवी. समुद्र जे फुकट करतो, त्याचे मोल किती आहे हे समजण्यापुरता या टाकीचा उपयोग आहे, असे फार तर म्हणता येईल.

हा छंद कोठून आला, तेही पाहण्याजोगे आहे. १८५०च्या दशकात इंग्लंडात फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने समुद्री जीव घरच्या काचपात्रात ठेवण्याची विद्या लोकप्रिय केली. १८५४ साली त्याचा या विषयावरील ग्रंथ निघाला आणि सुशिक्षितांत त्याची साथच पसरली. माणसे टोपल्या घेऊन खडकाळ किनाऱ्यांवर उतरली. त्या लुटीत किनाऱ्यावरची पाण्याची कुंडे कशी उजाड झाली, हे त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात खेदाने नमूद करून ठेवले आहे. गॉसच्या मनात समुद्राविषयी भक्ती होती; भक्तीने नाश टळला नाही. पुढे १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी जिवंत खडक, समुद्राचे पाणी व हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची रीत अमेरिकेतील एका मासिकात सांगितली. तिकडे समुद्र दाराशी होता. त्यानंतर बर्लिनमधील छांदिष्टांनी जिवंत खडक व स्किमर यांची जोड घातली, आणि १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या अमेरिकेतील लेखमालेने टाकीखालच्या टाकीची पद्धत घरोघर पोचवली. या लोकांनी कष्ट केले, प्रवाळाविषयी पुष्कळ ज्ञान मिळवले, ते मी नाकारीत नाही. माझा वाद त्यांच्याशी नाही. त्यांचे ज्ञान वगळून केवळ त्यांचा देखावा विकत घेणाऱ्यांशी आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण येथे मोठा घोटाळा आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा म्हणजे वाघ-बिबट्यांचा कायदा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः जुलै २००१ मध्ये त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, सर्व पाषाणप्रवाळ, कृष्णप्रवाळ, अग्निप्रवाळ, बासरीसारख्या नळ्यांचे ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. समुद्रघोडेही त्याच सुमारास आले. कायद्याच्या दृष्टीने प्रवाळ हा दगड नाही, प्राणी आहे. आणि त्याचा मेलेला सांगाडाही कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याविषयी गुन्हा सिद्ध झाल्यास किमान ३ व कमाल ७ वर्षांचा कारावास आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड २५,००० रुपयांहून कमी असू शकत नाही. शोभेच्या वस्तूसाठी ही किंमत कोणत्याही मापाने भारी आहे.

यावर पहिला बचाव असा ऐकू येतो की, माल परदेशी आहे, आपला कायदा त्याला लागत नाही. व्यवसायाच्या निमित्ताने हे वाक्य मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी ते बोलणाऱ्याजवळ एकही कागद नव्हता. कायद्यात जातींची नावे आहेत, त्यांची जन्मभूमी नाही. शिवाय १९७३ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात पाषाणप्रवाळ आहेत, आणि भारत १९७६ पासून त्या कराराचा सभासद आहे. निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्यावाचून त्यांची ने-आण होऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचे असे, की कायद्याच्या ५७व्या कलमान्वये असा प्राणी तुमच्या ताब्यात सापडला म्हणजे तो ताबा बेकायदा आहे असेच गृहीत धरले जाते. तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. फौजदारी कायद्याचा नेहमीचा न्याय येथे उलटा होतो. विक्रेता दुकान बंद करून निघून जातो. टाकी तुमच्या दिवाणखान्यात दिव्याखाली उभी असते.

दुसरा बचाव अधिक सभ्य आहे. परदेशात प्रवाळाचा तुकडा तोडून त्याचे कलम वाढवतात, मग समुद्राची हानी कोठे झाली? तिकडे अशी कलमे एका छांदिष्टाकडून दुसऱ्याकडे वर्षानुवर्षे जातात, हे खरे आहे, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे. परंतु आपल्या कायद्याने बंदिस्त प्राण्याची जी व्याख्या केली आहे, तीत पकडलेला, बाळगलेला आणि बंदिवासात वाढवलेला असे तिन्ही येतात. कलम कोणाचे आणि तोडलेला तुकडा कोणाचा, हे काचेतून पाहून ओळखता येत नाही. आणि जेथे ओळखता येत नाही, तेथे चोरीच्या मालाला सचोटीच्या मालाचा वेष मिळतो. घट्ट गोलाकार वाढणाऱ्या कित्येक प्रवाळांची वाढ वर्षाला एखाद्या सेंटिमीटरएवढीच असते. नारळाएवढा गोळा ज्याने छिन्नीने उचकटला, त्याने कित्येक वर्षे उचकटली.

तिसरा बचाव करुणेचा आव आणतो. समुद्रच तापत चालला आहे. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली पांढरी पडली. मग घरात चार वाचली तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद ऐकून मला घराला आग लागलेली पाहून दागिने वाचवावयास धावणाऱ्या, पण ते परत न करणाऱ्या शेजाऱ्याची आठवण होते. जे थोडे उरले आहे, त्याची किंमत वाढली आहे, घटलेली नाही. वाचलेले प्रवाळ समुद्रात राहिले, तर त्याची बीजे उजाड खडकावर पुन्हा रुजण्याचा संभव आहे. दिवाणखान्यातल्या टाकीतून समुद्राकडे जाणारी वाट नाही. तेथला सांडवा संपात उतरतो.

मुलांना समुद्राची ओळख व्हावी, हा हेतू चांगला आहे. पण आपण कोठे राहतो, याचा विसर पडू देऊ नये. मुरगावजवळच्या ग्रांद बेटाभोवती प्रवाळ आहे; मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे; विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर आंग्रिया बँकेचे बुडालेले पठार प्रवाळाने भरलेले आहे. समुद्राचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९६६ पासून स्थापन झालेली असून तिचे मुख्य ठाणे दोनापावल्याला आहे. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या कुंडापाशी मुलाला तासभर बसवा, काही उचलू नका, एवढाच नियम घाला. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हे सुलभ नाही, हे मला मान्य आहे. परंतु समुद्र दूर आहे म्हणून त्याचे तुकडे मागवण्याचा हक्क उत्पन्न होत नाही.

मग कोणी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवूच नये काय? मी असे म्हणत नाही. ज्याला हौस आहे, वेळ आहे, आणि अंकगणित येते, त्याने ती ठेवावी. पण ती माशांची असावी. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे जे मासे लोकांना मोहवतात, त्यांची पैदास अंडजगृहात करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याच देशात सिद्ध केले आहे. असे पैदाशीचे मासे प्रवाळावाचून उत्तम जगतात. खडक मानवनिर्मित, सच्छिद्र मातीचा किंवा सिमेंटचा घ्यावा. टाकी पाण्याने भरून चार ते सहा आठवडे मासे न सोडता चालवावी, म्हणजे विषारी अमोनियाचे नायट्राइटात व त्याचे नायट्रेटात रूपांतर करणारे जंतू त्या खडकावर वसतील. घाई करणाऱ्याने आधी छायाचित्र लावून समाधान मानावे.

आणि कोणी विक्रेता दारात आला, मग तो घराच्या असो की संस्थानच्या अग्रशाळेच्या, तर त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, मासे कोणत्या पैदास-केंद्रातून आले. दुसरी, टाकीत प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा किंवा त्यांचा मृत सांगाडा नाही. तिसरी, सांडव्याला आपत्काळचा कोरडा नळ आहे, परतीच्या नळाला हवेचे छिद्र आहे आणि संपात किती लिटर जागा मोकळी राहते. तिसऱ्या कलमावर त्याच्या शब्दावर विसंबू नये. टाकी भरून पंप चालू असताना सर्वांच्या देखत विजेचे बटण बंद करावे आणि अर्धा तास थांबावे. संपातील पाणी काठाच्या आत स्थिरावले, तर जेवढे पाणी चालू अवस्थेत त्यात होते, त्या पातळीवर काचेला पक्क्या रंगाची रेघ मारावी आणि तीवर पुन्हा कधी भरू नये. पाणी जमिनीवर आले, तर पैसे देऊ नयेत.

लेखी देण्यास विक्रेता का-कू करू लागला, तर समितीने ठराव तेथेच फेटाळावा. कारण सभा संपल्यावर ताब्याचा जाब विक्रेत्याला विचारला जाणार नाही. तो संस्थानला विचारला जाईल.